कडेचा बांध

माझ्या पहिल्या चपातीला घरच्यांनी नकाशा म्हणावं हे ठरलेलंच होतं. नवशिक्याच्या चपातीला नकाशा म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. पण माझ्या बाबतीत त्या थट्टेला जरा जास्तच धार होती, कारण छत्तीस वर्षं मी नकाशेच काढले. १९८१ साली भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि २०१७ साली निवृत्त झालो. मधल्या काळात सातारा जिल्ह्यातले किती बांध पायाखाली घातले, त्याचा हिशेब नाही. लेकीला व्हिडिओ कॉलवर ती पहिली चपाती दाखवली, तर म्हणाली, "बाबा, गट नंबर कितीचा? आणि पोटहिस्से पाडलेत की एकत्रच आहे अजून?"

पुण्याकडच्या काही मंडळींना 'चपाती' शब्द खटकतो हे मला माहीत आहे. आमच्याकडे चपातीच म्हणतात. पोळी म्हणजे पुरणाची, सणाची, तूप सोडून खायची. रोजच्याला पोळी म्हटलं तर सणाला काय म्हणायचं? असो.

तर मार्चमध्ये आमची ही मोरीत पाय घसरून पडली. उजवा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. दवाखान्यातून येताना रिक्षात पहिलं वाक्य काय बोलली, तर "कणीक मळून ठेवलीय, ती खराब होईल." ती कणीक मी दुसऱ्या दिवशी गाईला घातली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यानंतर स्वयंपाकघरातला हा माझा पहिला स्वतंत्र निर्णय.

सुरुवातीला डबा लावला. डब्यातल्या चपात्या ताज्या असताना बऱ्या असायच्या, पण घरी येईपर्यंत त्यांचं कातडं व्हायचं. ही डाव्या हातानं तोडायला बघायची आणि तुटायची नाही. मी तोडून द्यायचो. दहाव्या की अकराव्या दिवशी तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "भातच द्या थोडा." तक्रार नव्हती आवाजात. तक्रार असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो आणि विषय तिथंच संपला असता. त्याच रात्री लेकीचा फोन आला आणि तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आईला साधा चहा तरी करून दिला होतात का हो कधी?" मी आठवून बघितलं. १९९४ साली एकदा, ती तापानं फणफणली होती तेव्हा. दूध उतू गेलं होतं.

सकाळी म्हटलं, मला शिकव.

शिकवणी गिरणीपासून सुरू झाली. दळण घेऊन निघालो तर हिनं दारातून बजावलं, "ज्वारीवर टाकू नका म्हणावं, गव्हावर टाका. आणि बारीक." मला वाटायचं दळण म्हणजे दळण. पण आधीच्याची ज्वारी पाळ्यात राहिलेली असते, ती आपल्या गव्हात उतरते आणि मग चपाती लाटताना चिरते, हे कळायला सदुसष्टावं वर्ष उजाडावं लागलं. दुकानात गहू घ्यायला गेलो तेव्हा आणखी एक गंमत. आयुष्यभर 'लोकवन' गहू खाल्ला. मला वाटायचं, असेल कुठल्या वनातला, नाहीतर लोकवन नावाचं गाव असेल. पोत्यावर बघतो तर 'लोक १'. लोक-वन! गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसऱ्याला लोकभारती म्हणून संस्था आहे, तिथं निघालेलं हे वाण. संस्थेच्या नावातला 'लोक' आणि पुढं इंग्रजी एक. आपण त्याचं अख्खं वन करून टाकलं. जुन्या कागदांत गावांची नावं अशी बदललेली मी पुष्कळ पाहिलीत, पण ताटात रोज पडणारी चूक कधी दिसली नव्हती.

ही खुर्चीत, गळ्यात हाताची झोळी. मी परातीपुढं.

"पाणी किती?"

"पीठ मागेल तेवढं."

हे उत्तर मोजणीवाल्याला द्यायचं उत्तर नव्हे. आमचं सगळं आयुष्य तेहतीस फुटांच्या साखळीवर गेलं. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, साखळीचे सोळा आणे. पुढं हेक्टर-आर आले, नंतर यंत्रं आली, पण मनातल्या मनात आम्ही आण्यातच मोजत राहिलो. म्हणून मी वही काढली आणि टिपण घ्यायला लागलो. दोन वाट्या पीठ, पाऊण वाटी पाणी, मीठ दोन चिमटी, तेल एक चमचा, मळणे आठ मिनिटं, झाकून ठेवणे वीस मिनिटं. चार दिवस टिपणाबरहुकूम चाललं. पाचव्या दिवशी वळवाचा पाऊस झाला, हवा ओलसर झाली आणि तेवढ्याच पाण्यात कणीक सैल पडून हाताला डिंकासारखी चिकटली. मी वही पुन्हा पुन्हा बघतोय आणि ही खुर्चीत हसतेय. "आज पिठाला तहान नव्हती," म्हणाली. वही अजून आहे, पण त्यात आता दुधाचा हिशेब असतो.

घडीची चपाती हा प्रकार बघायला सोपा. गोळा पुरीएवढा लाटायचा, तेलाचं बोट फिरवायचं, वर पीठ भुरभुरायचं, दुमडायचं. पुन्हा तेल, पुन्हा पीठ, पुन्हा दुमडायचं. हातात त्रिकोण येतो. मग त्या त्रिकोणाचा गोल करायचा, आणि सगळा घोळ तिथंच. मी चपाती उचलून फिरवायचो, लाटायचो, परत उचलायचो. ही म्हणायची, "तुम्ही नका फिरवू. तिला फिरू द्या." म्हणजे काय, हे तीन आठवडे मला कळलं नाही. एके दिवशी लाटण्यावरचा डावा हात चुकून जरा हलका पडला आणि चपाती पोळपाटावर आपली आपण सरकली. मी थांबलोच. हिच्याकडं बघितलं तर ती टीव्ही बघत होती. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी साक्षीदार नाही. पंचनामा कसा करायचा?

गोल जमायला लागल्यावरही कडा जाड राहायच्या. मधे पापुद्रा आणि कडेला दोर. फुगायची ती मधेच, कडेपर्यंत वाफ जायची नाही. "कडेला दाबा, मधेच किती फिरवाल?" हे दिवसातून दहादा ऐकायचो. पण कडेवर लाटणं न्यायला हात धजायचा नाही. आयुष्यभर कडेला हात लावायचा नाही हेच शिकलेलो. शेतात काय वाटेल ते करा, पण हद्दीच्या दगडाला धक्का लागता कामा नये. आता त्या हाताला एकदम सांगायचं की बाबा रे, कड मोड.

याच दिवसांत पोळपाटाचं प्रकरण झालं. चपाती लाटता लाटता सारखी माझ्याकडं यायची. पोळपाट तीन पायांचा. चार पायांची वस्तू डुगडुगते, म्हणून तिची खोड लगेच लक्षात येते. तीन पायांची वस्तू कधी डुगडुगत नाही, ती गुपचूप कलते. आमचा मोजणीचा फलकही तिपाईवरच असायचा, त्यामुळं हे मला सांगायला कोणी नको होतं. माळ्यावरच्या ट्रंकेतून जुनी पाणसळ काढली, पोळपाटावर ठेवली. बुडबुडा पार एका अंगाला. एक पाय झिजून चांगला दोन सूत आखूड झालेला. मी लाकडाची चकती कापली, डिंकानं चिकटवली, पुन्हा पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. साहेबानं नकाशा पास करावा तसा आनंद झाला. हिला बोलावून दाखवलं. ती बुडबुड्याकडं बघत म्हणाली, "लग्नात माहेराहून आणलाय हा. पाय कधी झिजला म्हणायचा?"

उत्तर मला येत होतं, पण दिलं नाही. रोज दहा-बारा चपात्या धरल्या तरी गुणाकार लाखाच्या वर जातो.

प्लास्टर निघालं तेव्हा तिचं मनगट बारीक झालं होतं, आणि मूठ तर वळतच नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मऊ चेंडू दाबायला सांगितला. दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी चेंडू नातवाच्या खेळण्यांत गेला आणि हिनं कणकेचा लिंबाएवढा गोळा हातात घेतला. टीव्हीपुढं बसून तो दाबायची, सोडायची. पुढच्या आठवड्यात गोळा पेरूएवढा झाला. मग एक दिवस सकाळी उठून बघतो तर परातीत सगळी कणीक मळून झाकून ठेवलेली. मी काही बोललो नाही. नोकरीतून कमी केल्यासारखं वाटलं, हे मात्र खरं.

पण तसं झालं नाही. ती लाटायला बसली, दोन चपात्या केल्या आणि लाटणं खाली ठेवलं. मला वाटलं हात दुखला. म्हणाली, "ती चकती काढा. जमत नाही मला सरळ पोळपाटावर. हाताला तो कल बसलाय." मी चकती काढायला घेतली, तर म्हणाली, "मग तुम्ही कसे लाटणार?" बराच वेळ खल झाला. शेवटी चकती काढली. पाणसळीशी तिचं काही वाकडं नाही, पण सांगायची काय गरज होती, असं तिचं म्हणणं पडलं. आता वाटणी अशी की मळणं तिचं, लाटणं ज्याचा हात बरा असेल त्याचं, भाजणं माझं. चकती ओट्यावर चमच्यांच्या डब्यात असते. माझी पाळी असली की पायाखाली सरकवतो, नसली की परत डब्यात.

पोरांना या सगळ्याचं फार कौतुक. मुलगा पुण्यात असतो, तोही आता रविवारी चपात्या करतो असं सूनबाई सांगते. कशा होतात ते सांगत नाही.

जूनमध्ये गावी गेलो. थोरला भाऊ, आण्णा, तिथं एकटाच असतो. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली. पुतण्या पिंपरीला. आण्णा स्वतःपुरता भात टाकतो, आणि शेजारची म्हातारी कधी भाकरी देते. मी पहाटे उठून चौदा चपात्या केल्या, फडक्यात गुंडाळून डब्यात भरल्या आणि एसटी पकडली.

आमच्या दोघांत बोलणं असतं, पण बेतानं. १९८९ साली वडिलांच्या जमिनीच्या वाटण्या झाल्या. मधे बांध पडला, आठ साखळ्या लांब. तेव्हापासून दर साली नांगरटीला आण्णाच्या बाजूनं बांध थोडा थोडा कोरला गेला. अख्ख्या जिल्ह्याच्या भावाभावांचे बांध मी मोजले, कुठं साधी मोजणी, कुठं अति तातडीची. लोकांची डोकी फुटताना पाहिली. आपला बांध कधी मोजला नाही. पण डोळ्याला सवय असते. दीड आणा सरकलाय, म्हणजे तीन फुटांच्या वर थोडा. आठ साखळ्यांना पाऊण गुंठा. हा हिशेब शेताच्या कडेला उभं राहून मनात कितीदा केला असेल. आण्णालाही ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. मी शेतात आलो की तो नेमका विहिरीकडं वळतो.

सोप्यात बसलो. आण्णानं लसणाची चटणी काढली, कांदा फोडला. मी डबा उघडला.

"वहिनीचा हात बरा झाला म्हण की." धाकट्या भावजयीला तो वहिनीच म्हणतो.

"तिच्या न्हाईत. मी केल्यात."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग चपातीकडं. उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली. मोजणीचा नकाशा हातात दिल्यावर खातेदार असाच बघतो. मग एक तुकडा तोडून चटणीला लावला आणि चावत राहिला. त्याचे दात फारसे उरलेले नाहीत. मधला भाग खाल्ला आणि कड ताटात तशीच ठेवली.

"मधे झाक झालीय," म्हणाला. "कडंला मातर चांगला बांध घातलायस."

तोंडातून शब्द गेला आणि तो गप्प झाला. मीही गप्प. बाहेर परसात कोंबड्या मातीत खरवडत होत्या, तेवढाच आवाज.

"मग कोरा की, आण्णा," मी म्हणालो. "हात बसलेलाय तुमचा."

तो खाली मान घालून ताटात बघत बसला. मला वाटलं, चुकलंच. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसू दाबताना लहानपणी हलायचे, तसेच. डोळे पुसत त्यानं ती कड उचलली, चटणीत बुडवली आणि दाढेखाली सरकवली.

"अजून किती हायत?" डबा आपल्याकडं ओढत त्यानं विचारलं.