शिरा आहेत त्या

दिवसभर एकच वाक्य डोक्यात फिरतंय, आणि ते माझंच आहे. "अगं, अक्षरं नाहीत ती. शिरा आहेत."

सकाळी मनूने पान नाकाशी धरलं होतं, उलटं, शिरांची बाजू वर. बोट मधल्या जाड शिरेवरून सरकत होतं, मग आडव्या फाट्यांवर, आणि तोंडाने पुटपुट. वाचत होती. "काय लिहिलंय गं?" एवढं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? तिने पान खाली ठेवलं. रडली नाही, रुसली नाही. "हो का," म्हणाली, थेट माझ्या सुरात.

रेघोट्यांमध्ये कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं, हे मुलांना अक्षरं ओळखण्याच्याही आधी उमगतं. वाचनाची सुरुवात तीच. हे मी चार जणींना ऐकवत असते. आणि घरात ते डोळ्यांसमोर घडलं तर माझ्या तोंडून काय निघालं? शिरा.

पानगळीचा हा आठवडा आखला मीच. सोमवारी पानावर कागद ठेवून खडू आडवा घासायचा. मंगळवारी यमकं: पान, कान, मान, रान. तिने 'टान' जोडलं. मी म्हटलं, असा शब्दच नाही. यमक चोख जुळलं होतं ते राहिलंच. बुधवारी टाळ्या. 'पानगळ'ला तिने दोन वाजवल्या, मी चार करून घेतल्या. पा, न, ग, ळ. रात्री भांडी घासताना सहज मोठ्याने म्हणून पाहिलं: पान-गळ. दोनच! मी डोळ्यांनी मोजत होते, ती कानांनी. सांगितलं का तिला? नाही. काल काड्या मांडून 'पिवळं' लिहीत होतो. म्हणे, वेलांटी म्हणायची नंतर, मग काढायची आधी का? "तसंच असतं," मी म्हटलं. वा.

पानं गोळा करा, पुसा, वहीत दाबून ठेवा, दिवसभराचं सगळं उरकून. कुणी सांगितलं होतं? ह्याच्याकडे विषय काढला तर तो... जाऊ दे.

पण ते "हो का" काही जाईना. संध्याकाळी मुद्दाम नवं पान घेऊन तिच्याजवळ बसले. "मनू, यात काय लिहिलंय गं?"

तिने उलटसुलट करून पाहिलं. "काही नाही. शिरा आहेत त्या."

घ्या! हसूच आलं. शिकवलेलं इतकं पक्कं यापूर्वी एकदाही बसलं नव्हतं.

मग मीच बोट फिरवत वाचायला लागले. एक पान होतं, त्याला पडायची भीती वाटायची, वगैरे. रटाळ होतं, मलाही कळत होतं. तिसऱ्या वाक्याला तिने माझं बोट धरलं. "चुकीचं वाचतेयस. इथून सुरू होतं." बोट देठावर नेऊन ठेवलं आणि पुढचं तिनेच वाचलं. पानाने झाडाला टाटा केला नाही, कारण झाड झोपलं होतं. मग पान हळूच पडलं, आवाज न करता.

मी पेन्सिल उचलली. "थांब, लिहून घेते."

"लिहिलेलंच आहे ना," ती म्हणाली.

पान तिच्या उशाशी आहे. सकाळपर्यंत चुरा होणार बहुतेक.