सारंगखेड्याची घोडी आणि हळदीचा ढोल

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताच्या दर्शनाला येणारी गर्दी वेगळी आणि घोडेबाजारात शिरणारी वेगळी. मी जनावरांचा डॉक्टर, माझं काम दुसऱ्या गर्दीत. नाशिककडच्या एका बागायतदारांना घोडी घ्यायची होती आणि पारखायला मी.

कुमैत म्हणजे गडद तांबूस रंग, पंचकल्याण म्हणजे चारी पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, चाल रेवाल म्हणजे धक्के न देणारी, भरभर. दात पाहिले, वय सांगितलं तेवढंच निघालं. मालक मात्र देवमणाची, म्हणजे गळ्याखालची शुभ मानतात ती केसांची भोवरी पुन्हापुन्हा दाखवत होता. माझ्या तपासणीत भोवरीला गुण नाहीत. किमतीत असतात, त्यामुळे मी गप्प बसलो. बाजारातल्या भुसभुशीत धुळीत लंगडं घोडंही देखणं चालतं. म्हटलं, नदीकाठानं चक्कर मारून आणतो. मालकाचा पोरगा दुसऱ्या घोड्यावर वाट दाखवायला निघाला.

तापीचा काठ इथे उंच, गाळाच्या मातीचा. पावसानं कापलेल्या घळी थेट पाण्यापर्यंत उतरतात. घळीच्या तोंडाशी घोडीनं मान खाली घातली, माती हुंगली, मागचे पाय पोटाखाली घेतले आणि एकेक पाऊल चाचपत उतरली. सांध्यात दुखणं असलं की जनावर इथे अंग तिरकं करतं. हिनं केलं नाही. माझी अर्धी तपासणी तिथेच झाली. (नदीच्या खालच्या अंगाला, गोमाई नदीच्या संगमावर प्रकाशा हे गाव आहे. तिथे १९५५ साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. या गाळावर माणूस किती जुना आहे, ते घोड्यावरून हळू जाताना जरा पटतं.)

खाली बॅरेजचा फुगवटा, त्यात चक्रवाकांच्या जोड्या. वर पपईच्या बागा, ऊस, कापूस. जीपमधून जाताना इथे मला कुणी हटकलेलं आठवत नाही. आज कापूस वेचणाऱ्या बायांनी लांबूनच विचारलं, "कथा चालनात भाऊ?" म्हणजे कुठे चाललात. एकीनं कडेवरचं पोर पुढे करून त्याचा हात घोडीच्या नाकावर ठेवला. पोर रडलं, मग हसलं. घोडी तेवढा वेळ दगडासारखी उभी. स्वभावाच्या रकान्यात मी मनातल्या मनात 'उत्तम' लिहून टाकलं.

पुढच्या वस्तीवर हळद चालली होती. ढोलावर पहिली थाप पडली आणि घोडीचे कान टवकारले. लगाम ओढला तर तिला तो इशाराच वाटला! पुढचे पाय आळीपाळीनं उचलत, मान वाकवत, ती मांडवापुढे नाचायला लागली आणि वर मी, गळ्यात स्टेथोस्कोप. मी टाच मारली की ती आणखी रंगात. वऱ्हाड खूश. एक म्हातारा ओरडला, "नाचू द्या तिले!" मालकाच्या पोरानं तोंड फिरवलं होतं. घोडी नाचकामाची आहे हे बाजारात कुणी बोललं नव्हतं.

परतल्यावर बागायतदारांना सांगितलं: खूर, सांधे, दम, सगळं चोख, फक्त वाजंत्रीपासून लांब ठेवा. ते मालकाकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, आमच्या मळ्याच्या बांधाला लागून मंगल कार्यालय आहे."

मालकानं लगेच भाव पाच हजारांनी वाढवला.