सकाळचा पहिला व्यवहार अडकतो तेव्हा: एआयएक्सवर सिसलॉग आणि आयपीट्रेस लावताना

सकाळचा पहिला व्यवहार टाकला की स्क्रीन अडकायची. बऱ्याच वेळाने जोडणी तुटल्याचा संदेश यायचा, ॲप्लिकेशन नवी जोडणी करायचं आणि मग दिवसभर सगळं सुरळीत. ॲप्लिकेशन एका एआयएक्स (आयबीएमची युनिक्स प्रणाली) सर्व्हरवर, डेटाबेस दुसऱ्यावर, आणि दोघांच्या मध्ये फायरवॉल, म्हणजे कुठली जोडणी जाऊ द्यायची ते ठरवणारं यंत्र. डेटाबेसवाले म्हणत, आमच्यापर्यंत काही आलंच नाही. नेटवर्कवाले म्हणत, पिंग चालतंय. दोघांचंही खरं होतं, पण ते सिद्ध करायला हातात काहीच नव्हतं.

एआयएक्समध्ये हार्डवेअरच्या तक्रारी एररपीटी या कमांडने दिसतात, त्यामुळे सिसलॉगकडे, म्हणजे प्रोग्रामांचे संदेश फाइलमध्ये नोंदवणाऱ्या सेवेकडे, फारसं कुणी वळत नाही. मुळात सिसलॉगच्या कॉन्फिग फाइलमध्ये बहुतेक नुसत्या टिपाच असतात. ॲप्लिकेशनच्या टीमने जोडणी जुळल्या-तुटल्याचे संदेश लोकल१ या फॅसिलिटीवर (सिसलॉगमधला संदेशांचा एक वर्ग) पाठवायची सोय केली. मी लोकल१ डॉट इन्फो (इन्फो म्हणजे साध्या माहितीपासून वरचे सगळे संदेश) अशी ओळ लिहून पुढे फाइलचा पत्ता दिला आणि त्याच ओळीत रोटेट लावलं: १० एमबी झाले की नवी फाइल, जुन्या ८ ठेवायच्या, त्याही कॉम्प्रेस करून. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. लॉगची फाइल आधी टच कमांडने रिकामी तयार ठेवावी लागते. नसेल तर सिसलॉगडी, म्हणजे सिसलॉगचा प्रोग्राम, ती स्वतः बनवत नाही. मग रिफ्रेश देऊन लॉगर कमांडने एक चाचणी ओळ पाठवली आणि ती फाइलमध्ये उतरलेली पाहिल्यावरच पुढे गेले. लॉगसाठी वेगळी फाइलसिस्टीमही काढली, कारण व्हार (लॉग वगैरे जिथे साठतात ती सामायिक फाइलसिस्टीम) भरली तर एकाच वेळी भलत्याच सेवा अडखळू लागतात.

त्याहून आधीचं काम म्हणजे घड्याळं. सिसलॉगच्या जुन्या पद्धतीच्या ओळीत वर्ष नसतं आणि वेळ सेकंदापर्यंतच असते. दोन सर्व्हरच्या घड्याळांत फरक असेल, तर इकडची ओळ आणि तिकडचं पॅकेट जुळवणं अशक्य. म्हणून दोन्हीकडे एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) एकाच स्रोताला लावून घेतलं. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचं पाऊल हेच.

नंतर आयपीट्रेस, म्हणजे नेटवर्कवरून येणारी-जाणारी पॅकेटं टिपून ठेवणारं एआयएक्सचं साधन. यात ग्राहकांची माहिती उघड्यावर येऊ शकते, म्हणून आधी लेखी परवानगी घेतली आणि फाइल फक्त रूटला वाचता येईल अशा जागी ठेवली. ट्रेस दोन्ही सर्व्हरवर एकदम चालवला. नेमका डेटाबेसचा पोर्ट, समोरच्या यंत्राचा पत्ता, दोन्ही दिशांची पॅकेटं आणि लॉगच्या आकाराची मर्यादा, एवढं सांगून. सरसकट सगळं पकडलं असतं तर रात्रभरात डिस्क भरली असती आणि वाचायला माणूस पुरला नसता. बंद करताना सेवा थांबवणारी स्टॉपएसआरसी कमांडच वापरा. किल नाइनने जबरदस्तीने मारलं तर त्याचं कर्नल एक्स्टेन्शन, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात जोडलेला भाग, मेमरीत तसंच राहतं.

सकाळी आयपीरिपोर्ट कमांडने ट्रेस वाचण्याजोगा करून दोन्ही अहवाल शेजारीशेजारी लावले. ॲप्लिकेशनने पॅकेट पाठवलं, उत्तर नाही. पुन्हा तेच पॅकेट, मग आणखी जास्त वेळ थांबून पुन्हा. डेटाबेसच्या बाजूच्या ट्रेसमध्ये यातलं एकही पॅकेट नव्हतं. आदल्या रात्रीपासून फिन (जोडणी रीतसर बंद करणारं पॅकेट) नाही, रिसेट (ती तोडणारं पॅकेट) नाही. म्हणजे दोन्ही यंत्रांच्या लेखी जोडणी जिवंत होती आणि मधल्या मधे पॅकेटं गिळली जात होती. वेळा दाखवल्यावर नेटवर्कवाल्यांनी फायरवॉलची सेटिंग उघडली: तासभर हालचाल नसलेली जोडणी ते यादीतून काढून टाकत होतं, कुणालाही न कळवता.

आता एआयएक्सकडे. इथे टीसीपी कीपआयडल, म्हणजे शांत जोडणी जिवंत आहे का हे विचारायच्या आधी थांबायचा वेळ, मुळात १४४०० असतं, आणि हा आकडा अर्ध्या सेकंदांचा असतो. म्हणजे दोन तास. फायरवॉल तासाभरात विसरतं आणि आपलं यंत्र दोन तासांनी पहिली विचारपूस करतं, मग गाठ पडायची कशी? नेटस्टॅट कमांडमध्ये सॉकेटचे (जोडणीच्या टोकाचे) ऑप्शन पाहून ॲप्लिकेशनने कीपअलाइव्ह, म्हणजे हीच विचारपूस, मागितलीय याची खात्री केली, कारण ती मागितलेली नसेल तर या आकड्याला काही अर्थ नाही. मग नेटवर्कच्या सेटिंग बदलणाऱ्या ‘नो’ कमांडने आकडा २४०० केला, म्हणजे वीस मिनिटं. रीबूटनंतरही टिकावा म्हणून कायमच्या पर्यायासह. ॲप्लिकेशनच्या जोडण्या नव्याने करून घेतल्या.

त्या रात्री ट्रेस पुन्हा चालू ठेवला. दर वीस मिनिटांनी एक छोटं पॅकेट जात होतं आणि त्याची पोच परत येत होती, दोन्ही बाजूंच्या अहवालात. सकाळचा पहिला व्यवहार लगेच पार पडला. लोकल१ची ओळ मी तशीच चालू ठेवली आहे. ट्रेसच्या फाइल मात्र दोन्ही सर्व्हरवरून पुसून टाकल्या आणि तसं परवानगीच्या कागदावर नोंदवून ठेवलं.