डीअरफील्डच्या खोऱ्यात पांढरे पाइन मोजताना

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी पहाटेच अमेरिकेतल्या बॉस्टनहून निघालो. रूट 2 हा महामार्ग धरून पश्चिमेला दोन-सव्वादोन तासांवर शार्लमॉन्ट गाव लागतं, आणि पुढे मोहॉक ट्रेल स्टेट फॉरेस्ट. इथे कोल्ड रिव्हर डीअरफील्ड नदीला येऊन मिळते. दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे वारा अडतो, तळाशी ओल टिकते, म्हणून पांढरे पाइन इथे असे उंच जातात. बरेचसे 19व्या शतकात ओस पडलेल्या कुरणांवर आपोआप उगवलेले आहेत. मला याचंच सगळ्यात नवल वाटलं.

खाली पडलेली एक डहाळी उचलून पाहिली. प्रत्येक जुडीत पाच सुया. हौदेनोसौनी (इरोक्वॉय) हे अमेरिकेतले मूळ रहिवासी या झाडाला शांतिवृक्ष मानतात. पाच सुया म्हणजे एकत्र आलेली त्यांची पाच राष्ट्रं, मोहॉक हे त्यांतलं एक. इथल्या एका पाइनला मोहॉक नेते जेक स्वॉम्प यांचं नाव दिलेलं आहे आणि त्याची उंची 170 फुटांच्या पुढे मोजली गेली आहे. त्याची नेमकी जागा मी इथे लिहिणार नाही. सगळे एकाच झाडाखाली फिरले तर माती दबते आणि मुळांना त्रास होतो.

आम्ही नदीकाठच्या सपाटीवरचं दुसरं एक झाड धरलं. दहावीत उन्नत कोन, अवनत कोन शिकताना आपण झाड सरळ उभं धरतो: बुंध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि टॅनने गुणायचं. खरं झाड तसं नसतं. आमच्या झाडाचा बुंधा सरळ होता, पण शेंडा आमच्याकडे झुकलेला. पायथ्यापर्यंत 128 फूट, 5 अंश खाली. शेंडा 52 अंशांवर. टॅनने उंची आली 174 फूट! मग अंतर मोजणारा लेझर थेट शेंड्यावर धरला: 190 फूट. साइनने गुणल्यावर वरचे 150 आणि खालचे 11, म्हणजे 161 फूट. शेंडा साधारण दहा फूट पुढे आलेला, आणि तेवढ्याने तेरा फुटांचा फरक. 1996 साली ईस्टर्न नेटिव्ह ट्री सोसायटी ही झाडं मोजणाऱ्यांची संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक, रॉबर्ट लेव्हरेट, साइनच्या पद्धतीचा इतका आग्रह का धरतात ते तिथे उभं राहिल्यावर पटलं. 161 फूट म्हणजे कोकणातले 80 फुटी दोन माड एकावर एक!

जाणार असाल तर पानगळ झाल्यावर किंवा एप्रिलमध्ये पालवी फुटायच्या आधी जा. एरवी मेपल आणि बीचच्या पानांआड शेंडे दिसत नाहीत, आणि मे-जूनमध्ये काळ्या माश्या उभं राहू देत नाहीत. लेझर आणि कोन मोजायचा क्लिनोमीटर दोन्ही हवेत. लेझर घरीच टेपने तपासून घ्या. आमचा एक फूट जास्त दाखवत होता, वरची मापं ती चूक वजा करून दिली आहेत. मधल्या फांदीवर किरण आपटला की अंतर कमी येतं, म्हणून दहा-बारा वेळा मारा आणि शेंड्यावरचं सगळ्यात लांबचं वाचन घ्या. खालून सगळ्यात उंच वाटणारी फांदी बरेचदा फक्त जवळची असते, तेव्हा झाडाभोवती फिरून खरा शेंडा नक्की करा. वारा असेल तर थांबा.

शिकारीचा मोसम असतो, भडक नारिंगी जाकीट घाला. परतल्यावर गोचिडी तपासा, त्यांच्या चाव्याने लाइमचा आजार इथे सर्रास होतो. मोबाइलला रेंज धरून चालू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या. कोल्ड रिव्हरला शांत समजू नका: ऑगस्ट 2011 च्या आयरीन वादळात तिने रूट 2 चे तुकडे वाहून नेले आणि रस्ता काही महिने बंद होता. पाऊस झाला असेल तर पाण्यात उतरू नका.

दुपारी दुसऱ्या बाजूने, चढावरच्या एका शेवाळलेल्या दगडावरून पुन्हा मोजलं. 160 आलं. वहीत दोन्ही आकडे, तारीख आणि त्या दगडाची खूण लिहून ठेवली आहे. एप्रिलमध्ये तिथूनच पुन्हा मोजणार.