आईची बॅटरी
आज आईला घेऊन मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीला परतले. (तिला विचारूनच लिहितेय.) शौचावर ताबा राहत नव्हता म्हणून दीड वर्षापूर्वी त्रिकास्थीतल्या (कण्याच्या तळाशी असलेल्या हाडातल्या) तिसऱ्या छिद्रातून नसेपाशी बारीक तार आणि कुल्ल्यात पेसमेकरसारखं यंत्र बसवलं. वर्षभर छान गेलं, आंबे काढायला बागेतही गेली! मग पायात झिणझिण्या, आणि पुन्हा तेच कपडे बदलणं. एक्स-रेत कळलं, तार जागची सरकलीय. रिमोटने सेटिंग बदलून पाहिली, जमलं नाही. आता तार बदलायची. जंतुसंसर्ग झाला असता तर अख्खं यंत्रच काढावं लागलं असतं.
चिपळूणला वडा खाताना आई म्हणाली, "अगो, टीव्हीचा रिमोट बरा, सेल बदलले की चालतो!"
समोरचे काका आमच्याकडे बघतच राहिले.