केबल काढली, पैसे खरेच वाचले का?

घरखर्चाच्या वहीत केबलचे पैसे आमच्याकडे अनेक वर्षे ‘किरकोळ’ या सदरात जमा होत होते. दूध, गॅस, विजेचे बिल यांवर आमच्या घरात भरपूर वाद होतात. केबलवर कधी झाला नाही, कारण ते पैसे ठरलेल्या तारखेला मोबाइलवरून जात आणि टीव्ही चालू राही. मार्चअखेरीस वर्षाचा हिशेब मांडताना मी ही रक्कम पहिल्यांदाच वेगळी काढली. दोन टीव्हींचे मिळून महिन्याला साधारण साडेपाचशे, म्हणजे वर्षाला साडेसहा हजारांच्या वर पैसे त्यात जात होते. या रकमेने आमचे घर बुडणार नव्हते, पण तेवढ्यात आमच्या घराचा निम्म्याहून अधिक वर्षाचा गॅस येतो, हे लक्षात आल्यावर तिला किरकोळ म्हणणे मला जड जाऊ लागले.

केबल तोडण्याआधी बिल नीट वाचावे, असे मी प्रत्येकाला सांगेन. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दरव्यवस्था 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झाली. तीनुसार पहिल्या 100 वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त 130 रुपये नेटवर्क शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 153 रुपये 40 पैसे द्यावे लागत. या पैशांत एकही सशुल्क वाहिनी मिळत नसे. ते केवळ जोडणीचे भाडे होते आणि वाहिन्यांची किंमत त्यावर वेगळी लागत असे. 2020 मध्ये तेवढ्याच 130 रुपयांत 200 वाहिन्या मिळू लागल्या आणि घरातील दुसऱ्या टीव्हीसाठी या शुल्काच्या 40 टक्क्यांहून अधिक आकारता येणार नाही, असे ठरले. पुढे जुलै 2024 मध्ये ट्रायने नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून घेतली. आमच्या केबलचालकाने दर वाढवला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते. तरीही दुसऱ्या टीव्हीचे 52 रुपये, त्यावरच्या वाहिन्या आणि जीएसटी यांची बेरीज आम्ही कधी करून पाहिली नव्हती आणि तो टीव्ही शयनगृहात बहुतेक वेळ कपड्यांच्या घड्यांना टेकू देत उभा असे.

खरी गंमत वाहिन्यांच्या पॅकमध्ये आहे. हव्या त्या वाहिन्या सुट्या घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे, परंतु सुट्या किमतींची बेरीज पॅकच्या किमतीच्या इतकी जवळ जाते, की माणूस मुकाट्याने पॅक घेतो. आमच्या पॅकमध्ये लहान मुलांच्या कितीतरी वाहिन्या होत्या आणि आमच्या घरातले सर्वांत लहान मूल सध्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

मग घरात कोण काय पाहते, याकडे मी काही आठवडे मुद्दाम लक्ष दिले. सासूबाई स्टार प्रवाहवरच्या दोन मालिका आणि सकाळी थोडी भजने पाहत. सासूबाईंचे चिरंजीव रात्रीच्या बातम्या आणि क्रिकेट पाहत. आमच्या चिरंजीवांनी रिमोटला हात लावल्याचे मला आठवत नाही, कारण त्याचे सगळे जग फोनमध्ये असते. मी स्वयंपाकघरातून ऐकते ते धरले, तर माझाही त्यात काही वाटा निघतो. दोनशेच्या वर वाहिन्यांपैकी घराला खरोखर लागणाऱ्या वाहिन्या एका हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या.

निर्णय अर्थातच सासूबाईंच्या संमतीवर अवलंबून होता. दिवसभर घरात त्याच असतात आणि टीव्ही सर्वांत जास्त त्याच पाहतात. पैसे वाचवण्याचा उत्साह आपला आणि त्याची झळ घरातल्या वडीलधाऱ्यांना, असे मला होऊ द्यायचे नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “माझी मालिका साडेसातला लागेल ना? मग तार कुठून का येईना.” ॲपवर मालिका साडेसातलाच काय, वाटेल तेव्हा लावता येईल, हे त्यांना पटायला वेळ लागला. पटले, त्यानंतरही त्या साडेसातलाच लावतात.

पर्याय म्हणून आम्ही दूरदर्शनची डीडी फ्री डिश बसवली. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली आणि तिला मासिक शुल्क नाही. छत्री, डबा आणि वायर यांचा एकदाच खर्च येतो. आमचा बसवण्याच्या मजुरीसह दोन हजारांच्या आत झाला. सोसायटीच्या गच्चीवर छत्री लावायला अध्यक्षांची परवानगी घ्यावी लागली. ती लावताना पाहणे हा एक स्वतंत्र अनुभव होता. ही सेवा जीसॅट-15 या उपग्रहावरून येते आणि त्याचे स्थान 93.5 अंश पूर्वेला आहे, त्यामुळे पुण्यातून छत्रीचे तोंड आग्नेयेकडे करावे लागते. बसवणारा मुलगा पान्याने नट किंचित सैल करून छत्री बोटभर सरकवी, हातातल्या छोट्या मीटरकडे पाही आणि पुन्हा सरकवी. मीटर सलग वाजू लागला, तसे त्याने एका हाताने छत्री धरून दुसऱ्या हाताने नट आवळले. जाताना त्याने मला बजावले, “काकू, गच्चीवर वाळवण घालाल तेव्हा ह्याला दोरी बांधू नका.” जोराच्या पावसात चित्र फुटते, ही एक अडचण मात्र खरी आहे.

फ्री डिशवर सह्याद्री आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्या येतात, काही खासगी विनाशुल्क वाहिन्याही येतात. मराठीतल्या मोठ्या सशुल्क मनोरंजन वाहिन्यांची अपेक्षा मात्र तिच्याकडून ठेवू नये. क्रिकेटच्या बाबतीत येथे एक मजेशीर उलटा न्याय आहे. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावे लागते आणि भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय व टी-ट्वेंटी सामने त्यात मोडतात. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की हे प्रक्षेपण दूरदर्शनने आपल्या जमिनीवरील प्रक्षेपकांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवावे. खासगी केबल आणि डीटीएचवरून ते जाता कामा नये. परिणामी दरमहा पैसे भरणाऱ्या माणसाला दूरदर्शनच्या वाहिनीवर सामना दिसत नाही, आणि एक पैसा न भरणाऱ्याला दिसतो. आमच्या घरात ही माहिती सर्वांत मोठ्या आनंदाने स्वीकारली गेली. आयपीएल मात्र त्या यादीत नाही.

बातम्यांचा प्रश्न सोपा होता, कारण प्रमुख मराठी वृत्तवाहिन्यांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर फुकट असते. प्रसार भारतीचे वेव्हज हे ॲप नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यातील इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झाले. त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका सापडतात. सासूबाईंच्या मालिकांसाठी जिओहॉटस्टार या सशुल्क ॲपची वर्गणी भरली. घरून काम असल्याने आमच्याकडे ब्रॉडबँड आधीपासूनच होते, म्हणून त्याचा खर्च मी या हिशेबात धरलेला नाही. ज्यांच्याकडे ते नाही आणि केबल तोडण्यासाठी जे ते नव्याने घेणार आहेत, त्यांनी केबल तोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचा खर्च उलट वाढेल.

बचत होते की नाही, हे या ॲपच्या टप्प्यावर ठरते. केबलचे बिल एकच होते आणि निदान दिसत तरी होते. ॲपच्या वर्गण्या वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या खात्यांतून, आपोआप नूतनीकरणाची खूण तशीच राहिल्यामुळे जात राहतात आणि ‘फक्त या एका मालिकेसाठी’ म्हणून घेतलेले ॲप मालिका संपल्यावरही घरात मुक्काम ठोकते. म्हणून एका वेळी एकच सशुल्क ॲप, आणि ते घेतल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करायचे, असा नियम मी घातला. चिरंजीवांनी याला हुकूमशाही म्हटले. मी त्याला त्याच्या पॉकेटमनीतून दुसरे ॲप घेण्याची मुभा दिली, तेव्हापासून तो विषय त्याने काढलेला नाही.

केबलवाल्या दादांना कळवताना मला संकोच वाटला. सोसायटीतले लोक एकेक करून सुटत आहेत, हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते मनावर घेतले नाही. आमच्या घरचे इंटरनेटही त्यांच्याच तारेवरून येते, त्यामुळे दर महिन्याचे येणे-जाणे चालूच आहे. मला खटकले ते सेट टॉप बॉक्सचे. तो आम्ही पैसे देऊन विकत घेतलेला होता, पण दुसऱ्या कोणत्याही केबलवर किंवा डिशवर तो चालत नाही, आणि परत घ्यायलाही कोणी तयार नाही. आपल्याच मालकीची वस्तू आपल्याच घरात निरुपयोगी व्हावी, याबद्दल ग्राहकांनी याहून अधिक आरडाओरडा करायला हवा होता.

छत्रीचा खर्च आणि वर्षाची वर्गणी वजा जाता पहिल्या वर्षी केबलच्या जुन्या बिलापैकी निम्म्याहून थोडी अधिक रक्कम वाचेल. पुढच्या वर्षी छत्रीचा खर्च नसल्याने आणखी वाचेल. नियमानुसार वाहिनीवर तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात. जाहिराती नसलेली वर्गणी आम्ही घेतल्याने सासूबाईंची अर्ध्या तासाची मालिका आता आठच्या बरीच आधी संपते आणि जेवणाची पाने लवकर घेतली जातात. दुसरा टीव्ही विकला. त्याचे फार काही आले नाही. वर्गणी संपायच्या आधी दोनपैकी एक मालिका तरी संपेल, अशी चिन्हे आहेत, आणि दुसरीचे कथानक सासूबाईंना हल्ली आवडत नाही. त्यामुळे नूतनीकरण करायचे की आयपीएलपर्यंत थांबायचे, यावर मायलेकांची बोलणी सुरू झाली आहेत.