पिक गन, हुक आणि अडकलेली तिसरी पिन

इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी माझ्या कुलूप-चावीच्या दुकानात आला तो पिशवीभर कुलपं आणि सिलिंडरं घेऊन. सगळी भंगार बाजारातून सरावासाठी घेतलेली. सोबत बॅटरीवर चालणारी पिक गन, म्हणजे चावीशिवाय सिलिंडर उघडायचं हत्यार. "काका, बाकीची सिलिंडरं हिनं उघडतात, हे एकच उघडत नाही. गन बिघडलीय का बघा ना."

गन ठणठणीत होती. नवं, पाच पिनांचं सिलिंडर व्हाइसमध्ये धरलं, टेन्शनर (प्लगला पीळ देणारी वाकडी पट्टी) लावला, गनची सुई सगळ्या पिनांखाली समांतर ठेवली आणि बटण दाबलं. काही सेकंदांत प्लग, म्हणजे चावीबरोबर फिरणारा आतला दंडगोल, फिरला. कॅरममध्ये चिकटून बसलेल्या दोन सोंगट्यांपैकी पुढचीला स्ट्रायकर बसला की मागची उडते, तसंच आत होतं. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग असते. सुई खालच्या पिनांना ठोकते, धक्का वरच्या पिनांना पोचतो, त्या स्प्रिंग दाबत वर उडतात आणि क्षणभर शिअर लाइन, म्हणजे प्लग आणि बाहेरचं कवच यांच्यामधली रेघ, मोकळी होते. तेवढ्यात टेन्शनरनं प्लग फिरवायचा. शिकाऊ हात इथेच टेन्शनर जोरात दाबतो. मग वरच्या पिना भोकांच्या कडेला घट्ट दाबल्या जातात, उडतच नाहीत आणि सुई नुसती घरघरत राहते. टेन्शनरवर बोटाचं जेमतेम वजन ठेवायचं. ठोका चालू असताना दाब किंचित सोडायचा, पुन्हा द्यायचा. सुई किती उचलायची त्याचा स्क्रूही आधी कमीवर ठेवावा.

आता ते अडलेलं सिलिंडर. जुन्या नाइट लॅचचं, चावी नसलेलं, तोंडावर हिरवट जंग. गननं काहीच होईना. गनची अडचण हीच, की उघडलं नाही तर का उघडलं नाही हे ती सांगत नाही. ०.६ मिमी जाडीचा शॉर्ट हुक (टोकाला आखूड आकडा असलेली पातळ पट्टी) घेतला, टेन्शनर काढून ठेवला आणि मागून पुढे एकेक पिन चाचपली. पाचवी, चौथी स्प्रिंगसारखी खालीवर झाली. तिसरी दगड. दुसरी, पहिली ठीक. एखादी पिन टेन्शनमुळे अडली असेल तर टेन्शन सोडताच ती पुन्हा हलते. ही टेन्शन नसतानाही हलत नव्हती, म्हणजे ती जंगानं धरली होती, आणि तिची वरची पिन शिअर लाइनवरच आडवी बसली होती. ती जागची हलल्याशिवाय प्लग फिरणार नाही, बाकीच्या चार कितीही उडोत.

जंग सोडवणारं तेल दोन थेंब टाकून थोडा वेळ ठेवलं, मग हुकानं तिसरीला हलके हलके टोचत राहिलो. जोर लावला असता तर हुक वाकला असता. पिन सुटल्यावर टेन्शनर लावला. एकेक करत पिना बसल्या आणि प्लग दोन-तीन अंश फिरून थांबला. इथे मुलगा ओरडला, "उघडलं!" उघडलं नव्हतं. ही खोटी बैठक. मधे कंबर असलेली स्पूल पिन आत आहे, याची ही खूण. चौथीखाली हुक नेऊन उचलताना टेन्शनर बोटाला उलटा ढकलू लागला. तेवढाच दाब सोडला, पिन वर गेली, प्लग पूर्ण फिरला. गननं स्पूल कधी उघडतच नाही असं नाही, पण प्लग एकदा या बैठकीत अडकला की पुढचे ठोके सहसा वाया जातात. ते उलटं ढकलणं बोटाला कळणं हाच हातानं उघडण्याचा सगळ्यात मोठा फायदा, आणि छंद म्हणून हे करणाऱ्यानं तेच शिकायला हवं असं माझं ठाम मत आहे.

मग मागची क्लिप काढली आणि प्लगच्याच जाडीचा फॉलोअर (वरच्या पिना जागीच अडवून धरणारी दांडी) मागून सरकवत प्लग बाहेर काढला. फॉलोअर आणि प्लगमध्ये फट पडली तर वरच्या पिना आणि स्प्रिंगा टेबलभर उडतात. तिसरी स्प्रिंग लाल होऊन वेढे एकमेकांना चिकटलेले. समुद्राकाठच्या हवेत पोलादी स्प्रिंगांचं हे नेहमीचं दुखणं.

ज्यावर त्यानं गननं सर्वांत जास्त सराव केला होता, ते सिलिंडरही असंच खोललं. दहापट भिंगाखाली खालच्या पिनांच्या टोकांवर ठोक्यांचे चकचकीत खड्डे दिसले. हातानं उघडलेल्यात बहुधा बारीक ओरखडे असतात. म्हणून रोजच्या वापरातल्या दाराच्या कुलपावर सराव करायचा नाही. छंद म्हणून कुलपं उघडणाऱ्यांच्या संघटनाही हेच सांगतात: कुलूप स्वतःचं किंवा मालकाच्या परवानगीचं, आणि वापरातलं नको.

पिशवीत एक लिव्हरचं पॅडलॉक होतं. त्यात पिनाच नाहीत, सपाट पट्ट्या असतात. गनची सुई ठोकणार कशाला? फिरत्या चकत्यांच्या कुलपात तर चकतीमागे स्प्रिंगच नसते, तिथेही तेच. आपल्याकडे लिव्हरची कुलपं इतकी आहेत की निव्वळ गन घेणाऱ्याची निराशा ठरलेली.

त्याला दिलेली यादी लहान होती: ०.६ मिमीचे शॉर्ट आणि मीडियम हुक, चावीच्या अरुंद वाटांसाठी ०.४ मिमीचा एक, एक रेक (नागमोडी टोकाची पट्टी), वरून आणि खालून लावायचे टेन्शनर, छोटा व्हाइस. पहिल्यांदा सिलिंडरात दोनच पिना ठेवून उघडायचं, मग एकेक वाढवायची, शेवटी स्पूल. गन त्यानंतर. हत्यारं रात्री खिशात घालून हिंडू नये हेही सांगितलं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं साधन सबळ कारणाशिवाय जवळ सापडणं हा गुन्हा आहे.

सिलिंडर जोडताना पाचही स्प्रिंगा नव्या घातल्या. तेल पूर्ण पुसून कोरडं ग्रॅफाइट चिमूटभर फुंकलं, कारण तेलावर धूळ बसून लगदा होतो आणि पिना पुन्हा जड चालतात. पिना ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं खाचांच्या ट्रेमध्ये ठेवल्या होत्या, त्यामुळे बसवताना गोंधळ झाला नाही. चौथ्या जागी स्पूलच परत घातली, त्याच्या सरावासाठी.